पाठमोरा माणूस

मैफलीत सर्वांत मोठं नाव गाणाऱ्याचं. मग तबलजी, मग पेटीवाले, आणि तंबोऱ्यावर कोण बसलंय ते निवेदकाला आठवलं तर. मिरजेत वाढलेल्या माणसाला ही उतरंड कुणी शिकवावी लागत नाही. त्यामुळे एस्टोनियात तालिनला लेकीकडे आल्यावर सिम्फनीच्या जाहिरातीपुढे मी बुचकळ्यात पडून उभी राहिले. सर्वांत ठळक अक्षरांत ज्याचं नाव होतं तो गाणार नव्हता आणि वाजवणारही नव्हता. तो कंडक्टर होता. ऐंशी-नव्वद माणसं घाम गाळणार आणि नाव त्याचं, ज्याच्या हातून सबंध संध्याकाळ एक स्वर निघणार नाही.

कंडक्टर म्हणून मला झुबिन मेहता तेवढे ठाऊक होते, तेही मुंबईचे म्हणून. शिवाय जुन्या हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगचे फोटो पाहिलेले. स्टुडिओत व्हायोलिनवाल्यांच्या रांगा आणि समोर हात उंचावलेला एखादा गोवेकर अरेंजर. सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही नावं आमच्या वडिलांच्या तोंडी असत. पण त्या फोटोत माझं लक्ष कायम माइकपुढच्या गायिकेकडे. हात उंचावलेल्या माणसाचं तिथे काय काम, हा प्रश्न कधी पडलाच नाही.

लेक म्हणाली, “आई, आधी ऐकून तर घे. मग भांड.” तिने तिकीट काढून दिलं आणि सोबतीला शेजारच्या बाई आल्या. या बाई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. एस्टोनियात गायनवृंदात कधीच न गायलेला माणूस शोधावा लागतो. १८६९ साली तार्तूमध्ये पहिला गीतमहोत्सव भरला, आणि अजूनही तो साधारण दर पाच वर्षांनी तालिनच्या मोकळ्या मैदानावर भरतो. हजारो माणसं एका वेळी गातात. बाई लहानपणापासून त्या मैदानावर गात आलेल्या, म्हणजे कंडक्टरच्या हाताकडे बघतच मोठ्या झालेल्या. आमचं दोघींचं इंग्रजी बेताचं, त्यामुळे आम्ही एकमेकींना छान समजत होतो.

‘एस्टोनिया’ हे देशाचं नाव आणि तालिनच्या नाट्यगृहाचंही. १९१३ साली लोकांनी वर्गणी काढून ही वास्तू उभी केली. एका अंगाला ऑपेराचं रंगमंदिर, दुसऱ्या अंगाला मैफलीचं सभागृह. त्या संध्याकाळी सिबेलियस या संगीतकाराची दुसरी सिम्फनी होती. कंडक्टर कुणी तरुण होता. तो आला, त्याने आम्हाला नमस्कार केला आणि पुढचा पाऊण तास आमच्याकडे पाठ केली.

मी आपली सवयीने मांडीवर मात्रा मोजायला लागले. मला सहा ऐकू येत होत्या आणि त्याचा हात दोनदाच हलत होता. बरं, हात खाली आला की सूर यावा, तर तोही लगेच येईना. हात खाली पोचून वर निघाला की मग सगळा वृंद बोलायचा. मला वाटलं, हे लोक याच्याकडे बघतच नाहीत. प्रत्येकाच्या समोर कागद होता, नजर कागदावर. मध्येच एका बाईने बासरी उचलली, त्याच्या आधी क्षणभर याचा डावा हात तिच्या दिशेने नुसता उघडला होता. तिने त्याच्याकडे पाहिल्याचं मला तरी दिसलं नाही. तिसरा भाग घाईघाईने पळत सुटला आणि न थांबता चौथ्यात शिरला. त्या उंबरठ्यावर त्याने काय केलं ते मला पाठीमागून दिसलं नाही. पण सगळं सभागृह एकदम रुंद झाल्यासारखं वाटलं. माझ्या अंगावर काटा आला हे कबूल. तो सिबेलियसमुळे, वाजवणाऱ्यांमुळे की त्या पाठीमुळे, याचा पत्ता लागेना.

बाहेर पडताना बाईंना विचारलं, “हा माणूस नसता तर काय बिघडलं असतं?”

त्या हसल्या. म्हणाल्या, “तुम्ही नेमेपासून सुरुवात करा.”

नेमे यार्वी. तालिनमध्ये आडनाव घेऊन भागत नाही, कारण यार्वी म्हटलं की कुठला, असा पुढचा प्रश्न येतो. नेमे, त्यांचा मोठा भाऊ वाल्लो, नेमेंचा मुलगा पावो, धाकटा क्रिस्त्यान, सगळे कंडक्टर. मुलगी मारिका तेवढी बासरी वाजवते. घराणं म्हणजे काय हे मला कळतं, म्हणून इथे जरा धीर आला. पण बाईंनी नेमेंच्या नेमणुकांची यादी सांगायला घेतली आणि तो धीर सुटला. तालिनचा रेडिओ वाद्यवृंद १९६३ पासून. त्याच सुमारास ‘एस्टोनिया’चा ऑपेरा. १९८२ ते २००४ स्वीडनमधलं गोथेनबर्ग. त्यातच १९८४ ते १९८८ स्कॉटलंड. त्यातच १९९० ते २००५ अमेरिकेतलं डेट्रॉइट. मग न्यू जर्सी, हेग, जिनिव्हा. आणि २०१० ते २०२० पुन्हा तालिन. मी वहीत लिहून घेत होते. एकाच वेळी दोन-दोन खंडांत हा माणूस नोकरीला कसा? बाईंनी समजावलं की मुख्य कंडक्टर वर्षातले काही आठवडेच आपल्या वाद्यवृंदाबरोबर असतो. उरलेल्या कार्यक्रमांना पाहुणे येतात. म्हणजे वादक गावात राहतात, पगार घेतात, रोज तालीम करतात, आणि ज्याचं नाव मोठं तो विमानात. माझा प्रश्न सुटण्याऐवजी वाढला.

मग मी सुरुवातीपासून वाचायला घेतलं. नेमे यार्वींचा जन्म ७ जून १९३७ चा, तालिनचा. शिकले तालवाद्य आणि वृंदगान-संचालन, पुढे लेनिनग्राडच्या कॉन्झर्व्हेटरीत निकोलाय राबिनोविच आणि येव्गेनी म्राविन्स्की यांच्याकडे. म्राविन्स्की म्हणजे लेनिनग्राड फिलहार्मोनिकवर पन्नास वर्षं राज्य केलेला, शिस्तीबद्दल दरारा असलेला माणूस. यातलं तालवाद्य मला महत्त्वाचं वाटलं. सिम्फनीत ढोल-झांजवाले सर्वांत मागे, उंचावर बसतात. अर्धा वेळ ते वाजवतच नाहीत. रिकाम्या मात्रा मोजत बसतात, आणि एकदाच वाजवायची झांज चुकली तर सगळं सभागृह वळून बघतं. समोर सरळ रेषेत कंडक्टरचा चेहरा. कंडक्टर काय करतो हे शिकायला याहून चांगली जागा नसावी. प्रेक्षकांत बसून मला जे दिसत नव्हतं, ते त्या मुलाला फुकटात दिसत होतं.

यार्वींच्या तालमीच्या आणि कार्यक्रमांच्या चित्रफिती मिळतात. त्या मी लेकीच्या लॅपटॉपवर पाहिल्या. इथे कॅमेरा वादकांच्या बाजूने, त्यामुळे चेहरा दिसतो. आणि काय दिसतं? कधीकधी हात जवळजवळ थांबलेलेच असतात. भुवई वर जाते. खांदा उडतो. एखाद्या वादकाकडे बघून स्वारी गालात हसते, जणू दोघांना माहीत असलेला चावटपणा आता होणार आहे. आणि होतो. कार्यक्रम संपल्यावर टाळ्या थांबायच्या आत ते पुढचा तुकडा सुरू करतात. वन्समोअर द्यायला ते कधी कंजुषी करत नाहीत, अशी त्यांची ख्यातीच आहे. हे मात्र मला थेट कळलं. आपल्याकडे भैरवीनंतरही उठायला तयार नसलेले श्रोते आणि गवई मी पाहिलेत.

पण कळलं ते स्वभावाचं. कामाचं काय? जुलैत लेक-जावई सुटीसाठी प्यार्नूला निघाले, मी बरोबर गेले. प्यार्नू हे समुद्रकाठचं गाव, एस्टोनियातले लोक उन्हाळ्यात तिथे वाळूत लोळायला जातात. नेमे आणि पावो यार्वींनी तिथे संगीतमहोत्सव सुरू केला, २०११ पासून तो भरतो. त्याला जोडून तरुण कंडक्टरांचा वर्ग असतो. कडेला बसून तो बघायला मिळाला, आणि माझ्या प्रश्नाची पहिली गाठ तिथे सैल झाली.

छोटा वाद्यवृंद. मुलं-मुली एकामागून एक समोर येत होती. वाजवायचं तेच, सुरुवातीचे थोडेसे स्वर. एक उंच मुलगा आला. हात मोठे, आवेश मोठा. वृंदाचा आवाज आवळलेला निघाला, जणू सगळ्यांनी श्वास धरून ठेवलाय. मग एक मुलगी. तिने सुरू करण्याआधी नुसता श्वास घेतला, दिसेल असा. तेच वादक, तोच कागद, आणि सूर वेगळाच, ओला. तिसऱ्याला शिकवणाऱ्यांनी मध्येच थांबवलं, त्याच्या हातातली बॅटन काढून घेतली आणि हात खिशात घालायला लावले. वृंद आपला आपण वाजवत राहिला, अगदी व्यवस्थित! मी लेकीला कोपराने ढोसलं: बघ, मी म्हणत नव्हते? पण थोड्या वेळाने ते वाजवणं व्यवस्थितच राहिलं, पुढे कुठे जाईना. मग त्याला नुसत्या नजरेने सुरू करायला सांगितलं. त्याने दुसऱ्या व्हायोलिनांकडे पाहिलं, आणि आतापर्यंत मला ऐकूच न आलेली एक ओळ वर आली. ती तिथे होतीच. कागदावर होती, वाजवलीही जात होती.

वारीत समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ-मृदंग एका क्षणात थांबतात, ते मी लहानपणी आजीच्या कडेवरून पाहिलंय. त्या दंडाला आवाज नसतो. मात्र चोपदार शांत करतो, आणि इथे ही मुलं बोलतं करायला शिकत होती. हात आधी आणि सूर नंतर का, तेही तिथेच समजलं. हात ताल दाखवत नसतो. येणारा सूर कसा असावा ते आधी सांगत असतो. झालेल्या सुराचं त्याला काही करता येत नाही. तो कायम थोडा पुढे राहतो.

हे झालं एका संध्याकाळचं. पण यार्वींचं नाव एवढं मोठं का, याचं उत्तर भुवयांत नव्हतं. ते मला ‘एस्टोनिया’च्या इमारतीच्या इतिहासात सापडलं, आणि तिथे मी बराच काळ रेंगाळले.

९ मार्च १९४४. जर्मनांच्या ताब्यातल्या तालिनवर सोव्हिएत विमानांनी बॉम्बफेक केली. त्या संध्याकाळी ‘एस्टोनिया’त एदुआर्द तुबिन या संगीतकाराचं ‘क्राट’ नावाचं बॅले चालू होतं. क्राट म्हणजे एस्टोनियन लोककथेतला, मालकासाठी चोऱ्या करणारा भुताटकीचा नोकर. नर्तक वेशभूषेनिशी रस्त्यावर पळाले, नाट्यगृह जळालं. त्याच वर्षी सोव्हिएत सैन्य परत यायला लागलं तेव्हा तुबिन हजारो देशबांधवांसारखे नावेने स्वीडनला गेले. तिथेच राहिले, सिम्फन्या लिहीत. बाहेरच्या जगाला त्यांचं नाव जवळजवळ माहीत नव्हतं. १९८२ साली ते स्टॉकहोममध्ये वारले.

त्याच १९८२ साली यार्वी गोथेनबर्गला मुख्य कंडक्टर झाले. त्या दशकात त्यांनी तुबिनच्या सिम्फन्या एकामागून एक ध्वनिमुद्रित केल्या, दहाच्या दहा. माझ्या शेजारच्या बाईंकडे त्या तबकड्या आहेत. पाचवी मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून ऐकली. शेवटी दोन नगारे एकमेकांशी बोलतात, आणि बाई चहा ओतायच्या थांबल्या.

आता माझा गोंधळ उलट दिशेने सुरू झाला. मी विचारत होते, न वाजवणाऱ्याला एवढा मान का. पण तुबिन कागदावर पडून होते तेव्हा व्हायोलिनवाले होतेच, बासरीवाले होतेच. त्यांच्यापुढे कुठला कागद ठेवायचा हे कुणी तरी ठरवायला हवं होतं. यार्वींच्या चारशेहून अधिक ध्वनिमुद्रणांची यादी बघताना हेच पुन्हापुन्हा दिसतं. स्वीडनमध्ये गेले तर स्टेनहामार आणि बेर्वाल्ड या तिथल्याच, पण बाहेर न पोचलेल्या लोकांना वाजवलं. डेट्रॉइटला गेले तर एमी बीच, विल्यम ग्रँट स्टिल, ड्यूक एलिंग्टन. अमेरिकेत परदेशातून आलेला माणूस अमेरिकनांना त्यांच्याच कृष्णवर्णीय संगीतकारांच्या सिम्फन्या ऐकवतो, यातली गंमत मला फार आवडली. काही जाणकार म्हणतात, एवढ्या ढिगाने ध्वनिमुद्रण केलं की सगळंच घासूनपुसून होत नाही. असेल. माझ्या कानाला तो फरक कळत नाही, आणि कळला असता तरी मी ढिगाच्याच बाजूने उभी राहिले असते.

पण हे ठरवणं नेहमी इतकं सुखाचं नव्हतं. १९६८ सालची गोष्ट. आर्वो पार्ट नावाचा तिशीतला संगीतकार, काही वर्षं एस्टोनियन रेडिओत ध्वनिमुद्रणाचं काम केलेला. त्याने पियानो, वृंदगान आणि वाद्यवृंदासाठी ‘क्रेडो’ लिहिलं. लॅटिन शब्द, आणि त्यात येशू ख्रिस्तावर श्रद्धा असल्याची उघड घोषणा. सोव्हिएत राजवटीत, चेकोस्लोव्हाकियात रणगाडे शिरले त्याच वर्षी. असलं काही वाजवायचं तर आधी संगीतकार संघाची संमती लागे. यार्वींनी ती न घेताच नोव्हेंबरात ‘एस्टोनिया’च्या सभागृहात ते सादर केलं. लोकांनी ते तिथल्या तिथे पुन्हा वाजवायला लावलं.

मी ‘क्रेडो’ ऐकलं. बाखचा एक अगदी साधा, शाळकरी मुलंही वाजवतात असा पियानोचा तुकडा त्यात आहे. तो हळूहळू मोडत जातो, वाद्यं अंगावर धावून येतात, वृंद ओरडतो, मला तर खुर्ची सोडावीशी वाटली, आणि मग तोच तुकडा परत येतो. यात सरकारला घाबरण्यासारखं काय होतं हे संगीत ऐकून कळत नाही. शब्द ऐकून कळतं. कृतीवर बंदी आली. पार्ट पुढची काही वर्षं जवळजवळ गप्प झाले. मध्ये १९७१ साली एक तिसरी सिम्फनी तेवढी लिहिली आणि ती यार्वींना अर्पण केली. १९७६ पासून त्यांना आपली नवी, थेंबाथेंबाने पडणारी शैली सापडली, ज्यामुळे आज जग त्यांना ओळखतं.

त्या रात्रीचा विचार मी बरेच दिवस केला. लिहिणारा लिहून मोकळा झाला होता. गाणाऱ्यांनी समोर आलं ते गायलं. संमती न घेता हात वर करणारा एकच माणूस होता. त्याने एक सूरही काढला नव्हता, आणि जाब द्यायची वेळ आली तर सगळ्यांत आधी बोट त्याच्याकडे जाणार होतं.

तरी यार्वींची नोकरी टिकली. १९७१ साली रोमच्या सांता चेचिलिया अकादमीची कंडक्टरांची स्पर्धा त्यांनी जिंकली. बाहेरून बोलावणी येऊ लागली, पण सोव्हिएत कलावंताने कुठे जायचं आणि कमाईतलं किती हाती ठेवायचं ते मॉस्कोतली सरकारी संस्था ठरवत असे. १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात त्यांनी चायकोव्हस्कीचा ‘येव्गेनी ओनेगिन’ केला. आणि जानेवारी १९८० मध्ये बायको, सतरा वर्षांचा पावो, मारिका आणि सात वर्षांचा क्रिस्त्यान यांना घेऊन त्यांनी देश सोडला. पार्ट यांनीही त्याच महिन्यात सोडला. यार्वी अमेरिकेत न्यू जर्सीला गेले, पार्ट व्हिएन्नामार्गे बर्लिनला.

बाईंना मी विचारलं, ते गेले तेव्हा कसं वाटलं. त्या म्हणाल्या, “गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नसे. आम्ही घरात घ्यायचो.” पुढे काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

राहिलेल्यांचं काय, हे मात्र विचारलं. कारण इथे एरी क्लास येतात. योगायोग असा की त्यांचाही जन्म ७ जूनचा, तालिनचाच, फक्त दोन वर्षांनंतरचा. तेही तालवाद्यवालेच. आई आन्ना पियानोवादक. ज्यू वडील नाझी काळात मारले गेले. क्लास यांचं ऑपेरागृहातलं पदार्पण बर्नस्टाइनच्या ‘वेस्ट साइड स्टोरी’ने झालं. १९७५ मध्ये ‘एस्टोनिया’ ऑपेराची यार्वींची खुर्ची क्लास यांच्याकडे आली आणि १९९४ पर्यंत, म्हणजे सोव्हिएत काळ संपून देश स्वतंत्र होईपर्यंत आणि त्यानंतरही, ती त्यांच्याकडे राहिली. मधल्या काळात स्टॉकहोमचा रॉयल ऑपेरा, पुढे हॉलंड, फिनलंडमधलं तांपेरे. पण घर तालिनच. २०१६ साली तिथेच वारले. बाईंच्या बोलण्यात नेमेंबद्दल अभिमान असतो आणि क्लास यांच्याबद्दल माया. दोघांत थोर कोण, असं विचारायची मला सवय आहे (मिरजेत कुठल्याही दोन गवयांबद्दल हे विचारता येतं आणि रात्र सरते), पण बाईंनी या खेळात भाग घेतला नाही.

ऑपेराचं काम मैफलीहून अवघड, असं त्या सांगतात. कंडक्टर रंगमंचापुढच्या खड्ड्यात, वादक त्याच्याभोवती अंधारात दिव्याच्या उजेडात, गाणारे वर, लांब, फिरते, कधी पाठमोरे, कधी मरता मरता गाणारे. पडद्यामागच्या वृंदाला तो टीव्हीच्या पडद्यावर दिसतो. गायिकेने वरचा षड्ज धरला आणि सोडलाच नाही, तर खालच्या साठ माणसांना तेवढाच वेळ त्याच्या हातावर लटकत ठेवायचं. तिचा श्वास संपत आलाय हे त्याला तिच्या आधी कळायला हवं. हे ऐकल्यावर मला प्रथमच आपल्याकडचं काही आठवलं नाही, निमूट ऐकत राहिले.

२०१० मध्ये यार्वी आपल्या जुन्या वाद्यवृंदाकडे मुख्य कंडक्टर म्हणून परतले, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी. पार्टही त्याच सुमारास बर्लिन सोडून मायदेशी आले. ‘क्रेडो’ आता कुठेही वाजवतात, कुणी संमती विचारत नाही. त्या तरुणाच्या पाठीने सिबेलियसच्या त्या उंबरठ्यावर नेमकं काय केलं, ते मात्र मला अजून कुणी नीट सांगू शकलेलं नाही. बाई म्हणतात, “समोरून बघावं लागेल.”

म्हणून परवा लेकीला घेऊन ‘एस्टोनिया’च्या खिडकीवर गेले. ऑपेराची तिकिटं निघाली होती. बाल्कनीत अगदी कडेची, पुढची जागा मागितली. खिडकीवरची मुलगी अदबीने म्हणाली की तिथून अर्धा रंगमंच दिसत नाही, मधल्या रांगेत चांगल्या जागा आहेत. मी विचारलं, “खड्डा दिसतो का? कंडक्टरचं तोंड?” तिने नकाशा बघितला. म्हणाली, ते दिसेल.

लेक मराठीत कुजबुजली, “आई, अगं ऑपेरा बघायला आलोय ना आपण?”

“अर्धा दिसेल की,” मी म्हटलं, “आणि तिकीटही स्वस्त आहे.”